नोंदणी क्रमांक एक

९ सप्टेंबर, मंगळवार

तीन नव्या नोंदण्या टाइप केल्या, सेव्हचं बटण दाबलं आणि पाटी आली : डिस्कवर जागा नाही. पाऊण तासाची मेहनत गेली. पुन्हा टाइप करायला बसले नाही. एरवी बसले असते.

लॅपटॉप २०१४ चा. सुरू व्हायला सहा मिनिटं घेतो, तेवढ्यात माझा कुकर होतो. पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो. आता भर म्हणून रोज सकाळी एक सूचना येते की ऑक्टोबरनंतर याला सुरक्षा मिळणार नाही. माझ्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांनी साधारण हेच सांगितलं आहे.

मंडळाचं सगळं याच्यावर आहे. सोळा वर्षांत नोंदवलेली साडेअकराशे लग्नाची मुलं-मुली, त्यांचे फोटो, पत्रिका, कुणी कुणाला पाहिलं, कुणी काय कारण सांगून नाकारलं. दर एक तारखेला मी शिल्लक उमेदवारांची यादी पालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवते. यादीत नाव नसतं. क्रमांक, वय, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा, एवढंच. ज्यांना स्थळ बरं वाटेल त्यांनी क्रमांक सांगून मला फोन करायचा. मुलींच्या वसतिगृहावर मी सव्वीस वर्षं अधीक्षक होते, तिथेही नंबरच होते. नंबरांमुळे कुणाची चर्चा होत नाही.

सध्या पितृपक्ष, त्यामुळे स्थळांचे फोन बंद. घरात इतकी शांतता आहे की दुपारी झोप लागली. शांतता इतकी बरी वाटायला नको.

११ सप्टेंबर, गुरुवार

योगिनी अंबडच्या कारखान्यातून सात वाजता आली. हात धुताना लॅपटॉपचं सांगितलं.

“नवा घे ना आई. मी देते घेऊन.”

“पितृपक्षात?”

“तू कधीपासून मानायला लागलीस?”

मानत नाही. घेतही नाही.

“मग दुरुस्त करून आण. नाहीतर दोन्ही करू नकोस, मंडळच बंद कर,” ती म्हणाली आणि पोळी वाढून घेतली. ही असं बोलते, कारखान्यात मशीन बंद-चालू केल्यासारखं.

पण विचार केला. नवा घेतला तर तो सात-आठ वर्षं चालणार. म्हणजे मीही चालले पाहिजे. वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत ‘ताई, मुलीचा रंग कसा आहे हो?’ याला उत्तरं द्यायची. आताच कंटाळा येतो. पूर्वी मी अशा लोकांना झापायची. आता नुसतं ‘फोटो बघा’ म्हणते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ज्योत्स्नाच्या दुकानात गेले. महात्मा गांधी रोडवर, जिना चढून. जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे आणि तो चुकीच्या बाजूला आहे.

ज्योत्स्ना पेठ तालुक्यातली, अकरावी-बारावीला माझ्या वसतिगृहात होती. खोली नंबर नऊ. आता स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवते, हाताखाली दोन माणसं आहेत. मला पाहिल्यावर अजून उठून उभी राहते.

“बस गं. आता काय मी अधीक्षक नाही.”

“सवय आहे मॅडम. हजेरीच्या वहीत सही केल्याशिवाय तुम्ही ताटावर बसू द्यायच्या नाहीत. माझ्या पोरांना सांगते तर खरं वाटत नाही त्यांना.”

तिने लॅपटॉप उघडला, काहीतरी लावून बघितलं आणि मान हलवली. डिस्क म्हातारी झाली आहे, कधी बसेल सांगता येत नाही. बाकीचं यंत्र चांगलं आहे. जुनी डिस्क काढून नवीन पद्धतीची बसवली, रॅम वाढवली, तर आणखी चार-पाच वर्षं जाईल. नवा घेतला तर प्रश्नच नाही. पण आधी आहे त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मी ठरवायचं.

“जागा कशाने भरली एवढी? अर्ज तर एकेक पानाचे आहेत.”

“अर्जांनी नाही मॅडम. अर्ज सगळे मिळून एवढे,” तिने करंगळीचं नख दाखवलं. “हे बघा. ‘जमलं’ नावाचं फोल्डर. यात लग्नाचे व्हिडिओ आहेत. एकशे सदतीस.”

ते खरं. ज्यांचं जुळतं ते नंतर पेढे आणि लग्नाचा व्हिडिओ घेऊन येतात. पेढे वाटून टाकते. व्हिडिओ उतरवून ठेवते. परत कोण बघणार, पण दिलेली वस्तू टाकवत नाही.

“अर्ज काढून काही होणार नाही,” ज्योत्स्ना म्हणाली. “लग्नं काढा, लगेच जागा होईल.”

दुकानातली माणसं हसली. मीही हसले असते, पण खाली उतरायचा जिना समोर दिसत होता.

१४ सप्टेंबर, रविवार

योगिनी पहाटे पाचला अंजनेरीला गेली. दर रविवारी कुठला ना कुठला डोंगर. बेचाळिसाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून. संध्याकाळी आली तेव्हा बुटांना चिखल, केसांत गवताची काडी आणि गुणगुणत होती. बूट बाहेर काढ म्हणाले. काढले. परत गुणगुणत आत गेली.

मंडळ २००९ साली सुरू केलं. यांना जाऊन दोन वर्षं झाली होती, संध्याकाळ मोकळी असायची. समाजाचं काहीतरी काम करावं म्हणून सुरू केलं. योगिनी तेव्हा सव्वीस वर्षांची होती, पण त्याचा संबंध नाही. नोंदणी क्रमांक एक तिचा आहे तो एवढ्यासाठीच की कुठल्याही वहीत पहिली ओळ कुणाची तरी असावी लागते.

१७ सप्टेंबर, बुधवार

धोंडाबाई आल्या. निफाडकडच्या. मुलगा समाधान, वय सदतीस, स्वतःची द्राक्षबाग, निर्व्यसनी, सहा वर्षांपासून यादीत. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत, त्यात याचा दोष काही नाही. धोंडाबाई येताना दर वेळी काहीतरी घेऊन येतात. आज गिलकी आणली.

“ताई, काय हाय का नाय आमच्या समाधानचं?”

“धोंडाबाई, पंधरवडा चालू आहे.”

“म्हून तर आले. म्हटलं गर्दी नसंल.”

“गर्दी आता कधीच नसते. सगळे मोबाइलवर बघतात.”

“मंग ताई, तुम्ही एक करा. अर्जात लिवा, काय बी चालंल. शिक्षण नको. घटस्फोटवाली आसू द्या. पदरी पोर आसलं तरी आसू द्या. पोरगी हालती-बोलती पायजे, बास.”

मला राग आला. “असं लिहायचं नसतं. काहीही चालेल म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं मुलातच काही खोट आहे. तुम्हीच पोराला उतरवून ठेवताय. आणि समाधानला विचारलं का?”

“त्याला काय इचारायचं? तो म्हनतो, आई तू बघ.”

“मग त्याला घेऊन या. त्याने माझ्यासमोर बसून लिहायचं आणि सही करायची. उमेदवाराच्या सहीशिवाय मी अर्जातलं अक्षर बदलत नाही.”

“लय कडक बाई तुम्ही,” धोंडाबाई म्हणाल्या आणि गिलकी ओट्यावर ठेवून गेल्या.

हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. आईबाप मुलांच्या नावाने वाट्टेल ते लिहितात. एकदा एका वडलांनी मुलीच्या नावाची सही स्वतः ठोकून आणली होती. मुलीचं अक्षर मला ठाऊक नव्हतं, पण सहीवर शेतीखात्यातल्या त्या वडलांच्याच अक्षराचा झोक होता. तो अर्ज मी त्यांच्यादेखत फाडला. ते गृहस्थ अजून रस्त्यात भेटले की पलीकडच्या फुटपाथवर जातात.

२० सप्टेंबर, शनिवार

लग्नं काढायला बसले. आंधळेपणाने काढणं बरोबर नाही म्हणून एक लावून पाहिलं. २०१३, गंगापूर रोडवरचं कुठलंसं लॉन. मुलगा-मुलगी दोघंही ओळखू आले नाहीत. योगिनी मात्र लगेच ओळखू आली. हिरवी नारायणपेठ, गजरा, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. कॅमेरा आमच्यावर आला तेव्हा मी तिला कोपराने डिवचते आहे आणि ती हसते आहे, असं दिसतं.

आणखी लावले. २०११, १२, १५, १६. सगळ्यात ती आहे. मी तिला सोबत म्हणून न्यायची. गुडघे तेव्हा ठीक होते, पण सोबत असलेली बरी. २०१७ नंतरच्या कुठल्याच व्हिडिओत ती नाही. त्या वर्षी तिने डोंगर सुरू केले. लग्नं रविवारीच असतात.

दोन तास गेले. काढलं एकही नाही. पाठ भरून आली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काल घट बसले. फोन सुरू झाले. एका वधूपित्याला मुलगा पुण्याचाच हवा आणि आईवडील नकोत. आईवडील नसलेला मुलगा मी कुठून आणू? सांगितलं तसं. त्यांनी फोन ठेवला.

२८ सप्टेंबर, रविवार

योगिनी नव्या लॅपटॉपचे फोटो दाखवत होती. सगळे सारखेच दिसतात. पाटीसारखे पातळ.

“हा बघ, वजनाला हलका. तुला उचलता येईल.”

“मी कुठे घेऊन जाणार आहे?”

“तसं नाही गं. निदान ठरव तरी. तीन आठवडे झाले, तू नुसती त्याच्याकडे बघत बसतेस.”

“ठरवते.”

“तू दमलीयेस का?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “कशाने दमणार?”

१ ऑक्टोबर, बुधवार

यादी गेली. जागा करण्यासाठी चार लग्नं काढावी लागली. डोळे मिटून काढली. दोनशे चौदा उमेदवार शिल्लक, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा वाचून पाहिली. पहिल्या ओळीत फक्त वय बदललं. एकेचाळीसचं बेचाळीस. वयात मी खोटं लिहीत नाही, कुणाच्याच.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

योगिनीला सुटी. ती बैठकीत झेंडूचं तोरण ओवत होती, मी पुऱ्या लाटत होते. फोन आला. हात पिठाचे म्हणून कोपराने स्पीकर लावला.

“ताई, दसऱ्याचा रामराम. मी धोंडाबाई. यादी बघितली आमच्या पुतणीनं वाचून. ती एक नंबरची पोरगी हाय ना?”

मी म्हणाले, “धोंडाबाई, नंतर बोलू.”

“आवं ऐका तरी. वय बेचाळीस, बी. ई., अंबडला नोकरी. आन् खाली लिवलंय, घटस्फोटित चालेल, इधुर चालेल, आपत्य चालेल, शिक्षणाची अट नाय, गावाची अट नाय. म्हटलं यांला समदंच चालतंय तर शेतकरी का नाय चालायचा? समाधानपरीस पाच वर्सांनी मोठी हाय, पर आता कोण बघतं.”

मी स्पीकर बंद करायला गेले. पिठाच्या बोटांना बटण दाद देईना.

“पर ताई, खरं सांगा. एवढी शिकली-सवरलेली पोरगी, काय खोट-बिट हाय का तिच्यात?”

“काही खोट नाही,” मी म्हणाले. “ठेवते.” आणि फोनच पालथा घातला. धोंडाबाई आतून थोडा वेळ बोलत राहिल्या.

योगिनीची सुई थांबली होती. मग तिने उरलेली फुलं ओवली, आंब्याची पानं लावली, स्टूल घेतलं आणि दाराला तोरण बांधलं. दोन्ही टोकं सारखी आली की नाहीत ते मागे सरकून बघितलं. तिच्या कामात कधी खोट नसते.

“एकोणीस साली मी तुला सांगितलं होतं, माझं नाव काढ,” ती म्हणाली. “तू बरं म्हणाली होतीस.”

“म्हणाले होते.”

“मग?”

बरं म्हणजे ऐकलं. बरं म्हणजे काढलं, असं मी कुठे म्हटलं होतं? पण हे तिला सांगितलं नाही. “श्रीखंड फ्रिजमध्ये ठेव, ऊन लागतंय,” म्हणाले.

तिने ठेवलं. जेवली. सोनं द्यायला शेजारी गेली. आली ती सरळ झोपायला.

५ ऑक्टोबर, रविवार

आज ती डोंगरावर गेली नाही. सकाळी साडेआठला बाहेरची एक डिस्क घेऊन आली आणि म्हणाली, “दे तो लॅपटॉप. सगळं उतरवून ठेवते. मग तू नवा घे, जुना ठेव, विकून टाक, काही कर.”

मी भाजी निवडत शेजारी बसले. ती एकेक फोल्डर ओढत होती. ‘पत्रिका’. ‘फोटो’. ‘जमलं’, याला तासभर लागला. मग ‘१’.

मी म्हणाले, “ते राहू दे.”

तिने उघडलं. एकवीस फायली. मला वाटलं होतं दहा-बारा असतील.

ती पहिल्यापासून वाचू लागली. मोठ्याने, पण रागाने नाही. कारखान्यात ती क्वालिटी खात्यात आहे. तिथे तपासणीचा कागद वाचतात तशी.

“दोन हजार नऊ. अपेक्षा : समविचारी, वाचनाची आवड असलेला, पत्नीच्या नोकरीचा आदर करणारा. हे छान लिहिलं होतंस आई.”

मी गवारीच्या शिरा काढत राहिले.

“दोन हजार अकरा. वाचनाची आवड गेली. तेरा. समविचारी गेला, सुस्वभावी आला. पंधरा. सुस्वभावी पण गेला, नुसता निर्व्यसनी राहिला. सतरा. नोकरीचा आदर गेला. त्याच्या जागी, गरज पडल्यास नोकरी सोडण्याची तयारी.” इथे ती थांबली. “मी कधी म्हटलं होतं?”

“लिहावं लागतं. लोक विचारतात.”

“एकोणीस, मी नको म्हटल्यावर तीन महिन्यांनी. घटस्फोटित चालेल. एकवीस. विधुर चालेल. बावीस. एक अपत्य चालेल. तेवीस. अपत्य चालेल, म्हणजे कितीही. चोवीस. शिक्षणाची अट नाही.” तिने खुर्ची मागे सरकवली. “धोंडाबाईंचं काय चुकलं मग? मीसुद्धा वाचलं असतं तर विचारलं असतं, काय खोट आहे हिच्यात.”

“मार्ग मोकळा ठेवावा लागतो,” मी म्हणाले.

“आमच्याकडे एखाद्या ड्रॉइंगवर साधा एक आकडा बदलला ना, तरी खाली लिहावं लागतं, बदल कुणी केला आणि मान्यता कुणी दिली. दोन सह्या. वीस बदल झालेत इथे. मान्यता कुणाची?”

मी हातातली गवार खाली ठेवली.

“कागदी अर्ज दाखव.”

पहिली फाइल कपाटात सगळ्यात खाली असते. वाकवत नाही म्हणून तिनेच काढली. पहिला अर्ज. माझं अक्षर, निळी शाई. पालकाची सही, माझी. नोंदणी करणाऱ्याची सही, माझी. उमेदवाराची सही, तिथे ठिपक्यांची ओळ.

“राहून गेली,” मी म्हणाले.

“सोळा वर्षं?”

मी पुन्हा गवार घेतली. निवडून झालेली होती.

“वसतिगृहात एखाद्या मुलीने असं उत्तर दिलं असतं तर तू काय केलं असतंस?”

“पालकांना बोलावून घेतलं असतं.”

योगिनी हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. मग ती माझ्याजवळ खाली बसली आणि शिरांचा कचरा गोळा करू लागली.

“माझं बरं चाललंय गं,” ती म्हणाली. “तुला दिसत नाही का? रविवारी येते तेव्हा?”

“चिखल दिसतो.”

“आई, मंडळ माझ्यासाठी चालवत असशील तर खरंच बंद कर. नवा लॅपटॉप नको, जुना नको. दमलीयेस तू.”

“मंडळ मी समाजासाठी सुरू केलं.”

“बरं,” ती म्हणाली. अगदी माझ्यासारखं.

६ ऑक्टोबर, सोमवार

ती कामावर गेल्यावर वही काढली. क्रमांक एकसमोर लाल शाईने लिहिलं : उमेदवाराची सही नसल्याने नोंदणी ग्राह्य नाही. रद्द. तारीख घातली, सही केली.

मग लॅपटॉप सुरू केला. सहा मिनिटं. एकवीस फायली काढल्या. कचरापेटीही रिकामी केली, नाहीतर परत आणता येतात.

डिस्क भरल्याची लाल पट्टी होती तेवढीच राहिली. तसूभरही जागा झाली नाही. ज्योत्स्नाने सांगितलंच होतं.

दुपारी जेवले नाही. भूक नव्हती.

८ ऑक्टोबर, बुधवार

वाट पाहते आहे की आता मंडळ बंद करावंसं वाटेल. दोन दिवस वाटलं. आज सकाळी कागदी अर्ज चाळले. दोनशे तेरा. सगळ्यांच्या सह्या आहेत. काही वाकड्या, काही इंग्रजीत, एकीने नावाखाली फूल काढलं आहे. प्रत्येक सही माझ्यासमोर या बैठकीत झालेली. कुणाला पेन मी दिलं आहे, कुणाला पाणी. यांना काय सांगू? की माझं काम झालं?

झालंही नाही. ते वेगळं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ज्योत्स्नाकडे लॅपटॉप दिला. नवा नको, आहे त्यातच डिस्क बदल, म्हणाले. चार-पाच वर्षं जाईल ना? तेवढी पुरेत. मलाही तेवढीच सांगितली आहेत, गुडघ्यांची.

“लग्नं काढली का मॅडम?”

“लग्नं सगळी बाहेरच्या डिस्कवर. कपाटात. यात फक्त अर्ज भर.”

“सगळे?”

“दोनपासून पुढचे सगळे.”

तिने एक चिठ्ठी पुढे केली. यंत्राचं वर्णन, काय काढायचं, काय ठेवायचं. “मॅडम, इथे तुमची सही लागेल. तुमची माहिती आहे, तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावत नाही आम्ही.”

ही पद्धत कुठे शिकलीस, असं विचारणार होते. नाही विचारलं. सही केली.

जिना उतरताना तिने हात धरला. धरू दिला.

१ नोव्हेंबर, शनिवार

यादी गेली. लॅपटॉप बारा सेकंदांत सुरू होतो. कुकर आता मागे राहतो. यादी क्रमांक दोनपासून सुरू होते. नुसतं बघताना पहिली ओळ कापल्यासारखी वाटते. कुणाला कळणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी धोंडाबाई समाधानला घेऊन आल्या. तो खुर्चीच्या कडेवर बसला, हात गुडघ्यांत. सहा वर्षं याचा फोटो पाठवते आहे, सहीच्या दिवसानंतर माणूस आज पाहिला. फोटोपेक्षा बरा आहे.

धोंडाबाईंनी पिशवी खाली ठेवली न ठेवली तोच, “ताई, यादी या बारीला दोनपासनंच सुरू झाली. एक नंबरचं जमलं वाटतं कुठं?”

त्याच वेळी दार उघडलं. योगिनी, पाठीवर पिशवी, बूट हातात. तिने ऐकलं. तिथेच उभी राहिली.

जमलं म्हणाले असते तर विषय संपला असता. धोंडाबाईंनी पेढे मागितले असते, एवढंच.

“नाही,” मी म्हणाले. “त्या मुलीने नोंदणी केलेलीच नव्हती. मीच केली होती, तिला न विचारता.”

“आन् एवढी वर्सं?”

“एवढी वर्षं. चूक माझी होती.”

धोंडाबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या ताई. पोरीबाळींचं म्हटलं की आपलं डोकं ठिकाण्यावर नसतं.” आणि दाराकडे वळून, “ही कोण, तुमची लेक का? लय दमून आली दिसती.”

“दमले नाही मावशी,” योगिनी म्हणाली. “डोंगरावर गेले होते. चहा टाकते, थांबा. आई, तुला बिनसाखरेचा ना?”

आत जाताना ती माझ्या खांद्याला धक्का देऊन गेली. मुद्दाम की चुकून, कळलं नाही. बूट मात्र आत घेऊन गेली. मी नेऊ दिले.

समाधानसमोर कोरा अर्ज ठेवला. “अपेक्षा तुमच्या हाताने लिहायच्या.”

त्याने आईकडे बघितलं.

“तिकडे बघू नका. अर्ज तुमचा आहे.”

“लिव बाबा,” धोंडाबाई म्हणाल्या. “काय बी चाल...” आणि मी त्यांच्याकडे बघितलं म्हणून गप्प झाल्या.

त्याने पेन घेतलं. बराच वेळ नुसतं धरून बसला. मग कागदावर हाताची आड करून, शाळेत पेपर लिहितात तसं, एकेक शब्द लिहू लागला. चहा आला, निवला. लॅपटॉप केव्हाच सुरू होऊन बसला होता. मी घाई केली नाही.